लहान दुकानाची वेबसाइट: वर्डप्रेस की चार साधी पानं?

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागातल्या दुकानदारानं वेबसाइट करायचं मनावर घेतलं की दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) घेऊन त्यावर वर्डप्रेस ही साइट चालवणारी तयार प्रणाली, त्यावर विकतची थीम, म्हणजे तयार मांडणी, आणि प्लगइन नावाचे डझनभर जोड. दुसरी म्हणजे एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेत हातानं लिहिलेली तीन-चार पानं, ज्यांच्यामागे ना डेटाबेस ना लॉगिन. गूगल बिझनेस प्रोफाइलमधून फुकट मिळणारी साइट ही सोय मार्च 2024 मध्ये गूगलनंच बंद केली. महिन्याच्या भाड्यावर चालणारे तयार बिल्डर आहेत, पण भाडं थांबलं की साइट जाते आणि बहुतेक ठिकाणी ती जशीच्या तशी उचलून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून खरी निवड पहिल्या दोनांतली.

ती मी गिऱ्हाइकाच्या बाजूनं करतो. भाजणी, मेतकूट, पापड विकणाऱ्या दुकानाच्या पानावर येणाऱ्याला चार-पाचच गोष्टी हव्या असतात. दुकान आज उघडं आहे का, अमुक वस्तू मिळते का, भाव काय, गाडी कुठे लावायची, बोलायचं कोणाशी. विकतच्या थीमवर केलेल्या साइटीत मात्र हलत्या चित्रांची पट्टी, ‘आमच्याविषयी’ आणि ‘आमची दृष्टी’ हेच आधी येतं, आणि सगळ्यात तळाशी असतो संपर्काचा फॉर्म. माझा कौल साध्या पानांना आहे, आणि तो ठरला या फॉर्मपायी.

गिऱ्हाईक नाव, ईमेल, मजकूर भरतं, बटण दाबतं. हिरव्या पट्टीत अक्षरं उमटतात: ‘धन्यवाद, तुमचा संदेश मिळाला.’ दुकानदाराला काहीही मिळालेलं नसतं. त्या हिरव्या ओळीचा अर्थ इतकाच असतो की वर्डप्रेसनं मेल सर्व्हरच्या हवाली केली. पुढे ती पोहोचली का, हे वर्डप्रेसला कळत नाही.

मेल अडते तीन-चार ठिकाणी. पहिलं, वर्डप्रेस मुळात पीएचपीच्या (ते ज्या भाषेत लिहिलंय तिच्या) मेल फंक्शननं पाठवतं आणि स्वस्त सामायिक होस्टिंगवर सर्व्हरच्या एकाच आयपी पत्त्यावरून शेकडो साइटींच्या मेल निघत असतात, त्यामुळे जीमेल तिच्याकडे संशयानंच बघतं. दुसरं, फॉर्म बसवणारे ‘प्रेषक’ या रकान्यात गिऱ्हाइकाचाच ईमेल घालतात. गिऱ्हाईक याहूवालं असेल तर मेल परतच फिरते, कारण याहूच्या नावानं दुसऱ्याच सर्व्हरवरून आलेली मेल नाकारा, असं याहूचं डीमार्क धोरण 2014 पासून आहे. तिसरं, एसपीएफ, म्हणजे आपल्या नावानं कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी. एका डोमेनला (साइटीच्या नावाला) एसपीएफची एकच नोंद चालते. होस्टिंगवाल्यानं एक घातली, पुढे ईमेलची सेवा घेताना कोणी दुसरी घातली, की दोन्ही निकामी. जीमेलनं फेब्रुवारी 2024 पासून पाठवणाऱ्यांसाठीचे नियम आणखी कडक केले, तेव्हापासून एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) याशिवाय गत्यंतर नाही. आणि चौथं, अगदी साधं: मेल ज्या ‘इन्फो’ पत्त्यावर जाते तो डबा दुकानात कोणी उघडतच नाही.

दुरुस्ती आहे. एसएमटीपीचं प्लगइन घालून खऱ्या मेलबॉक्समधून मेल पाठवायची. ‘प्रेषक’ म्हणून स्वतःच्या डोमेनचा पत्ता, ‘रिप्लाय-टू’मध्ये गिऱ्हाइकाचा. एसपीएफच्या दोन नोंदी असतील तर एकीत मिळवायच्या, डीकेआयएमची किल्ली डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींत, घालायची. मग मोबाइल डेटावरून स्वतः फॉर्म भरायचा, आलेली मेल संगणकावर जीमेलमध्ये उघडून ‘शो ओरिजिनल’ दाबायचं. तिथे एसपीएफ आणि डीकेआयएमपुढे ‘पास’ दिसलं पाहिजे, डोमेनला डीमार्कची नोंद असेल तर तिच्यापुढेही. शिवाय फॉर्म डेटाबेसमध्येही साठवून ठेवायचा; काँटॅक्ट फॉर्म 7 हे फॉर्मचं प्लगइन तसं स्वतःहून करत नाही, त्याला फ्लेमिंगो हे जोड-प्लगइन लागतं. नाहीतर हरवलेली चौकशी कायमची हरवते.

एवढं सगळं केलं तरी ही व्यवस्था चार हातांत वाटलेली राहते: प्लगइन, होस्टिंग, डीएनएस, मेलबॉक्स. वर्षभरानं होस्टिंग बदललं किंवा मेलबॉक्सचा पासवर्ड बदलला की ती पुन्हा गुपचूप बंद पडते. साइट बंद पडली तर निदान कोणीतरी फोन करून सांगतं. फॉर्म बंद पडल्याचं कोणीच सांगत नाही. गिऱ्हाईक समजतं, दुकानदारानं उत्तर दिलं नाही. लहान धंद्याच्या नावाला याहून मोठा धक्का मला दिसत नाही.

वर्डप्रेसमधूनही फॉर्म काढून टाकता येतो की, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण भाव आणि वस्तू रोज बदलत नसतील आणि फॉर्मही गेला, तर मग डेटाबेस सांभाळायचा कशासाठी? प्लगइन अद्ययावत ठेवणं, बॅकअप, पीएचपीची आवृत्ती बदलल्यावर येणारी ‘गंभीर त्रुटी’ची पांढरी पाटी, लॉगिनच्या पानावर चालणारे पासवर्डचे हल्ले, हे सगळं चार स्थिर पानांसाठी जरा जास्तच होतं.

साध्या पानांवर फॉर्मच्या जागी दोन दुवे येतात. फोनचा दुवा ‘tel:’नं सुरू करून पुढे अधिक चिन्ह, 91 आणि क्रमांक, बडोद्याची लँडलाइन असेल तर 0265 मधलं शून्य गाळायचं. व्हॉट्सअॅपच्या दुव्यात उलट अधिक चिन्हही नको, मोकळी जागाही नको, नुसते 91 आणि दहा आकडे. चूक इथेच जास्त होते. त्यापुढे तयार मजकूर जोडता येतो: ‘नमस्कार, दिवाळी फराळाची यादी हवी आहे.’ प्रत्येक पानाला वेगळा मजकूर दिला की कोणतं पान वाचून गिऱ्हाईक आलं ते पहिल्याच ओळीत कळतं. दुकानाची लँडलाइनही व्हॉट्सअॅप बिझनेसला जोडता येते, पडताळणीचा आकडा फोन कॉलवर येतो. घरचा खासगी मोबाइल पानावर टाकायची गरज उरत नाही. बटण बोटाला सापडेल एवढं, निदान 48 पिक्सेल उंच ठेवावं.

भाषेच्या बाबतीतही तराजू माझ्या मते इकडेच झुकतो. बडोद्यात मराठी माणसाच्या दुकानाला गुजराती पान लागतंच, मराठी हवं असतं, आणि परदेशी गेलेल्यांच्या पुढच्या पिढीसाठी इंग्रजी. विकतच्या थीम बहुधा रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असतात. मथळ्याच्या अक्षरांत मोकळी जागा सोडायची फॅशन असते, आणि ‘लेटर-स्पेसिंग’ दोन पिक्सेल जरी दिलं तरी देवनागरीची शिरोरेषा तुटून ‘मेतकूट’चे चार तुकडे होतात. गुजरातीला शिरोरेषाच नाही, म्हणून गुजराती पान तपासणाऱ्याला दोष दिसत नाही आणि मराठी पान तसंच चढवलं जातं. स्वतःच्या पानात ही एक ओळ शून्य करून टाकता येते. थीममध्ये ती कुठे दडली आहे ते शोधावं लागतं, आणि थीमच्याच फाइलीत बदल केला असेल तर थीम अद्ययावत झाली की ती परत येते. ओळींमधलं अंतर 1.6 पट धरलं तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत अडकत नाहीत. छापखान्यातून आलेला श्रीलिपीतला (युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला) मजकूर थेट चिकटवू नये. तो युनिकोडमध्ये बदलून रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या डोळ्यांनी तपासाव्यात, घोळ तिथेच होतात. भाषांतराचं आपोआप बटण खाण्याच्या दुकानाला तरी नको; पदार्थांची नावं तिन्ही लिप्यांत हातानंच लिहावीत.

साध्या पानांची अडचण आहे ती बदल करण्याची. दिवाळीनंतर इथला बाजार लाभपाचमेला उघडतो, उत्तरायणाला 14-15 जानेवारीला सुट्टी असते; या वेळा प्रत्येक वेळी कोण बदलणार? त्यावर चालण्याजोगा उपाय असा: वेळा आणि सूचना पानाच्या माथ्यावर एकाच ठेवणीतल्या दोन ओळींत ठेवायच्या, आणि भावाची यादी गूगल शीटमध्ये लिहून ती ‘वेबवर प्रकाशित’ करून पानात ओढायची. दुकानदार मोबाइलवर शीट बदलतो, काही मिनिटांत पान बदलतं. मात्र वस्तूंची नावं एचटीएमएलमध्येही असू द्यावीत, म्हणजे शीट आली नाही तरी पान रिकामं दिसत नाही आणि शोधयंत्रालाही वाचायला काही मिळतं. गूगल बिझनेस प्रोफाइलवरच्या ‘विशेष वेळा’ त्याच दिवशी बदलायच्या. पानावर एक आणि नकाशावर दुसरंच, असं झालं तर गिऱ्हाईक नकाशावर विश्वास ठेवतं.

पानं ठेवायला क्लाउडफ्लेअर पेजेसची फुकट योजना पुरते. गिटहब पेजेस धंद्याच्या साइटीसाठी फुकट होस्टिंग म्हणून वापरू नये, अशी त्यांची अट आहे. फोटो फोनमधून थेट चढवले तर एकेक तीन-चार एमबीचा असतो. 1200 पिक्सेल रुंदीला कापून वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात 150 केबीच्या आत आणला, की मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसायला हवा ही गूगलची मर्यादा सहज पाळता येते.

आता वर्डप्रेस कुणी घ्यावं? ज्यांचे पन्नासावर प्रकार आहेत, साठा रोज बदलतो, पैसे ऑनलाइन घेऊन कुरिअरनं माल जातो, त्यांनी वर्डप्रेसवर दुकान चालवणारं वूकॉमर्स हे प्लगइन घ्यावं. साध्या पानांवर तो पसारा पेलणार नाही. क्लासवाल्यांना दर आठवड्याला निकाल आणि सूचना टाकायच्या असतील तर त्यांनाही तेच सोयीचं. पण तिथेही पहिल्या दिवशी फॉर्म तपासावा आणि दर महिन्याच्या एक तारखेला पुन्हा एकदा स्वतः भरून बघावा. होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाची सवलत बाजूला ठेवून नूतनीकरणाचा दर विचारावा. डोमेन, मग वाट कोणतीही घ्या, साइट करून देणाऱ्याच्या नावावर न ठेवता स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्यावं, आणि तो ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेनची मुदत संपली तर सूचना येणारा डबाही त्याच्याबरोबर बंद होतो.