उघडी लांबी मोजली, बंद लांबी मोजलीच नाही

गेल्या पावसाळ्यात गाडीचे शॉकर घेताना माझी चौदा हजारांची फसवणूक झाली. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण त्या दिवशी मागच्या सीटवर माझा अकरा वर्षांचा भाचा बसला होता, आणि ती गोष्ट अजून मनातून जात नाही. म्हणून झालं ते सगळं नीट लिहून ठेवतोय. इंदूरमध्ये जुन्या जिप्स्या आणि जीपगाड्या हौसेने उंच करून चोरल, पाताळपाणी, जानापावच्या वाटांवर नेणारे पुष्कळ जण आहेत, आणि त्यांतले बरेच आपले मराठी लोक आहेत. निदान त्यांनी तरी माझ्यासारखं फसू नये.

माझ्याकडे जुनी मारुती जिप्सी आहे. चारही चाकांना पाटे. पाटे म्हणजे पोलादी पट्ट्यांची बाकदार स्प्रिंग; हा आपला शब्द, इथले मिस्त्री कमानी म्हणतात. काळ्या मातीत आणि नाल्यांतून जाताना गाडी पोटाला घासायची, म्हणून दोन वर्षांपूर्वी नवे, जास्त बाक असलेले पाटे बसवून ती दोन इंच उचलून घेतली. शॉकर, म्हणजे चाकाचे हेलकावे आवरणारी, सळई आत-बाहेर सरकणारी तेलाची नळकांडी, मात्र जुनेच राहिले. मिस्त्रीकाका तेव्हाच म्हणाले होते, "दादा, हे आता आखूड पडणार. चाक खाली लोंबलं की सगळा भार शॉकरवर येईल." तसंच झालं. खड्ड्यातून चाक खाली गेलं की मागून झटका बसायचा, कारण शॉकर पुरता ताणून संपलेला असायचा आणि अख्खा ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, त्याच्या सळईला लटकायचा. वर्षभरात एका शॉकरचं सील गेलं आणि तेल गळायला लागलं.

लांब शॉकर घ्यायचे एवढं ठरलं. किती लांब, हे मात्र मी मिस्त्रीकाकांना विचारलं नाही. ते तेव्हा मुलीच्या लग्नासाठी उज्जैनला गेले होते आणि मला पुढच्या रविवारी शेतावर जायचं होतं. गणपतीच्या मंडळातल्या एकाने दुकान सुचवलं. दुकानाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तक्रार दिलेली आहे.

दुकानात शिरल्या शिरल्या मालकाने विचारलं, "कितना लिफ्ट है, भिया?" मी म्हटलं, दोन इंच. त्याने आतून चार खोके आणले. खोक्यावर स्टिकर होता, लिफ्ट तीन इंचांपर्यंत. काळा कुळकुळीत रंग, वर लाल पट्टी, टोकाच्या कड्यांतले बुश नवेकोरे. मी घरून माप घेऊन गेलो होतो, आणि त्या मापाचा मला भरवसा होता. चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जॅक लावून मागचं चाक हवेत लोंबू दिलं तेव्हा वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत साडेवीस इंच भरले होते. म्हणजे उघडा शॉकर, सळई पुरती बाहेर आलेला, एकवीस इंच हवा. दुकानदाराने स्वतः टेप दिला. एका टोकाच्या बुशापासून दुसऱ्या टोकाच्या बुशापर्यंत बरोबर एकवीस. मला वाटलं, काम झालं.

मी तो दाबून बघायला गेलो तेव्हा त्याने हात धरला. "गॅस का है, हाथ से नहीं दबेगा. आँख बंद करके लगा दो." गॅसचा शॉकर नुसत्या हाताने दाबायला जड जातो हे खरंच आहे, त्यामुळे मलाही ते पटलं. चारही खोक्यांचे मिळून चौदा हजार रोख दिले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटी लावला तर अडीच हजार वर जातील. वहीतल्या कागदावर आकडा लिहून दिला. तो कागद मी घेतला, ही माझी दुसरी चूक.

रविवारी खंडवा रोडने निघालो. सिमरोल सोडून घाट उतरला की पुढे एका मित्राच्या शेताकडे जाणारी वाट नाल्यातून जाते. गाडीत आम्ही चौघं, मागे दोन पोती खत आणि पाण्याचे कॅन. पहिल्याच आडव्या नालीत मागून ठण्ण असा आवाज आला. मी बंप स्टॉपवर, म्हणजे ॲक्सल फार वर आला की त्याला अडवणाऱ्या ठोकळ्यावर, गाडी आपटली असं समजलो. पण बंप स्टॉप रबराचा असतो, त्याचा आवाज धप् असा येतो, आणि हा आवाज लोखंडावर लोखंड आदळल्याचा होता. मी तो कानांनी ऐकला आणि तरी पुढे गेलो.

तिसऱ्या की चौथ्या दणक्याला डावीकडचा मागचा शॉकर खालच्या बोल्टाच्या ब्रॅकेटसकट ॲक्सलपासून उखडला. नाल्याच्या काठावर उतरून वाकून पाहिलं तर सळई केळीसारखी वाकलेली, तेल मातीत पसरलेलं, आणि लोंबणारा शॉकर हिंदकळत ब्रेकच्या पाइपाला घासत होता. पाइपावर पावणेदोन बोटांचा चकचकीत ओरखडा पडला होता. पाइप फुटला नव्हता. भाच्याने विचारलं, "मामा, ब्रेक लागेल ना?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. तारेने शॉकर वर बांधला, गाडी पहिल्या गिअरमध्ये रस्त्यापर्यंत आणली, आणि पोरांना एसटीसारखी चाललेली एक प्रवासी गाडी हात करून इंदूरला पाठवलं.

सोमवारी मिस्त्रीकाका परत आले. त्यांनी आधी मला एक शब्द बोलू दिला नाही. उरलेल्या तीनपैकी एक शॉकर काढला, जमिनीवर उभा धरला, त्यावर छातीचा भार दिला आणि हळूहळू पार बंद केला. मग हात सोडला. शॉकर तसाच बंद राहिला. "गॅसचा म्हणाला ना? गॅसचा असता तर सावकाश स्वतःहून वर आला असता. हा साधा तेलाचा आहे." मग टेप लावला. बंद लांबी चौदा इंच.

त्यांनी खालच्या कडीजवळ तारेच्या ब्रशने रंग खरवडला. रंगाच्या खाली वेल्डिंगची एक गाठ निघाली, तिच्याखाली अडीच इंच पाइपचा तुकडा, आणि पुन्हा एक गाठ. जिप्सीचा साधा, कंपनीच्या लांबीचा शॉकर घेऊन त्याची खालची कडी कापली होती, मध्ये पाइप घालून कडी परत जोडली होती, आणि वर रंग दिला होता. मूळ शॉकर बंद असताना साडेअकरा आणि उघडा असताना साडेअठरा इंच. अडीच वाढवले की चौदा आणि एकवीस. आतली सळईची चाल होती तेवढीच, सात इंच. मी एकवीसच्या आकड्यावर पैसे मोजले, आणि चौदाचा आकडा मला दिसू नये म्हणून तो हात धरत होता.

चौदाने नेमकं काय होतं, हे काकांनी मला गाडीखाली झोपवून दाखवलं. माझी गाडी सपाट जमिनीवर रिकामी उभी असते तेव्हा मागच्या शॉकरच्या दोन बोल्टांत सतरा इंच अंतर असतं. ॲक्सल वर गेला की बंप स्टॉपला टेकतो तेव्हा तेरा, आणि रबर पुरतं दबलं की बारा. आता शॉकर चौदालाच बंद झाला. म्हणजे रबर टेकायच्या एक इंच आधीच लोखंड लोखंडाला भिडतं, आणि सगळ्या गाडीचं वजन त्या एका सळईवर आणि एका ब्रॅकेटवर येतं. चार माणसं आणि खत भरल्यावर गाडी दीड इंच बसते. मग उरतो फक्त दीड इंच. खंडवा रोडच्या बाजूच्या वाटेवर दीड इंच म्हणजे काहीच नाही. त्यात त्या वेल्डिंगच्या उष्णतेने सीलचं काय झालं असेल, ते वेगळंच.

आणि मला सगळ्यात जास्त ज्याने हादरवलं ते हे. मी समजत होतो की गाडी दोन इंच उचलली म्हणजे सगळी मापं दोन इंच वर गेली. तसं नसतं. पाटे उंच केल्याने गाडी उभी राहते ती जागा बदलते, खाली लोंबण्याची हद्दही बदलते. पण वरची हद्द बंप स्टॉप ठरवतो, आणि मी तो जागचा हलवलाच नव्हता. म्हणून पूर्ण दबलेल्या अवस्थेत दोन बोल्टांतलं अंतर लिफ्टच्या आधी बारा होतं आणि नंतरही बाराच राहिलं. दुकानदाराचा "तीन इंच लिफ्टचा शॉकर" हा शब्दच त्यामुळे पोकळ. पाटे कुठले, पाट्याचं टोक टांगणारी कडी म्हणजे शॅकल किती लांब, बंप स्टॉप कुठे, यावर दोन इंच उचललेल्या दोन गाड्यांना वेगवेगळे शॉकर लागू शकतात. पुढचे आणि मागचे तर वेगळेच मोजावे लागतात.

मोजायची रीत काकांची अशी आहे, आणि ती प्रत्येकाने स्वतः उभं राहून करून घ्यावी. शॉकर काढून ठेवायचे. सपाट जमिनीवर गाडी उभी असताना दोन बोल्टांतलं अंतर लिहायचं. मग ॲक्सलखाली एका बाजूने जॅक देऊन बंप स्टॉपचं रबर पुरतं दबेपर्यंत उचलायचं आणि पुन्हा मोजायचं. बंद शॉकर या आकड्यापेक्षा निदान अर्धा इंच, म्हणजे चार सूत तरी आखूड हवा. मग चॅसी उचलून चाक मोकळं लोंबू द्यायचं आणि मोजायचं. उघडा शॉकर त्याहून अर्धा इंच तरी लांब हवा. शेवटी एका बाजूचं चाक लाकडी स्लीपरांच्या चळतीवर आणि समोरचं खाली लोंबतं, अशा तिरक्या अवस्थेतही एकदा पाहायचं, कारण दगडांवर गाडी तशीच चालते. आणि तेव्हाच ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, हेही बघायचं. हे माझ्याकडून कोणी करून घेतलं नव्हतं.

माझ्या मापांना शब्दशः पुरेल असा शॉकर मिळणारच नव्हता, हेही त्या दिवशी कळलं. मला बंद साडेअकरा आणि उघडा एकवीस हवा होता. पण सळई शेवटी आतच शिरते, आणि शॉकरच्या आत तळाची झडप, पिस्टन, वरचं सील आणि दोन्हीकडच्या कड्या यांची जागा लागतेच. साडेअकरा इंचांच्या डब्यात साडेनऊ इंच चाल मावत नाही. जो कोणी असा शॉकर हातात देईल, त्याला आधी तुमच्या समोर बंद करायला सांगा. काकांनी मग मार्ग काढला तो असा: बंद तेरा, उघडा एकवीस, चाल आठ इंच, आणि बंप स्टॉप दीड इंच खाली आणला. आता रबर साडेचौदाला टेकतं आणि साडेतेराला पूर्ण दबतं. शॉकर तेराला बंद होतो. चाक वर जाण्याची मुभा कमी झाली, पण लोखंड भिडत नाही. वरचा ब्रॅकेट उंच करून नवीन बसवण्याचाही एक मार्ग होता, तो चॅसी कापण्याचा होता म्हणून मी नको म्हटलं.

आता दुकानाविषयी. मी खरवडलेला शॉकर घेऊन गेलो. मालक आधी म्हणाला, आमचा नाहीच. मग कागद दाखवला तर म्हणाला, गाडी नीट चालवता येत नाही तुम्हाला. आणि शेवटी जे बोलला ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला: "लिफ्ट ही गैरकानूनी है. जाओ, करो शिकायत, पहले अपनी गाड़ी बचाओ." मला तेव्हा समजलं की तो माझ्यासारख्यांना हेरूनच विकत असणार, कारण गाडी बदललेला माणूस तक्रार करायला घाबरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हे सांगितलेलं आहे. ते खरं आहे, आणि माझ्या गाडीचं उत्तर मी आरटीओला देईन. पण त्यामुळे कापून जोडलेला शॉकर नवा म्हणून विकायचा हक्क कोणाला मिळत नाही.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन केला, तिथे तक्रार नोंदवून घेतली. मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, आणि दोन वर्षांच्या आत ती दाखल करायची असते. पुरावा म्हणून मी वहीचा कागद, वेल्डिंगचे फोटो आणि मंडळातल्या त्या सुचवणाऱ्या मित्राचं म्हणणं जोडलं. तो बिचारा माझ्याहून जास्त शरमला आहे. पक्कं बिल असतं तर इतकी खटपट लागली नसती, हे अर्ज लिहून घेणाऱ्या बाईंनीही सांगितलं.

नवे शॉकर सळई उघडी दिसते असे घेतलेत, मुद्दाम. काकांनी चारही सळयांवर प्लॅस्टिकची बारीक पट्टी आवळून ठेवली आहे. शॉकर जितका दबतो तितकी पट्टी वर सरकून तिथेच थांबते. परवा आम्ही चौघं परत त्याच नाल्यातून, तितकंच सामान भरून शेतावर जाऊन आलो. घरी आल्यावर भाचा टॉर्च घेऊन गाडीखाली गेला. त्याने टेप लावून ओरडून सांगितलं, डावीकडची पट्टी वरच्या टोकापासून सात सूत अलीकडे थांबली आहे, उजवीकडची एक इंच.