आठ महिने ताईसाठी गोड वाईन शोधली: लेबलावरच्या शब्दांपेक्षा टक्क्यांचा आकडा कामाला आला

ताईला ड्राय वाईन, म्हणजे जिच्यात साखर जवळजवळ उरलेली नसते ती, आवडत नाही. रेड असो की व्हाइट, पहिल्या घोटाला तिचा चेहरा आक्रसतो आणि पेला माझ्याकडे सरकतो. आठ महिन्यांपूर्वी मी ठरवलं की तिला आवडेल अशी गोड वाईन शोधायचीच. तेव्हापासून अकरा बाटल्या झाल्या. हे लिहायला बसले ते मात्र त्यातल्या एकीमुळे, कारण त्या बाटलीवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

जर्मनीतल्या मोझेल भागातली, रीसलिंग नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाईन होती. लेबलावर मोठ्या अक्षरांत श्पेटलेझे. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, 'श्पेटलेझे म्हणजे गोडच.' घरी उघडली तर लिंबू पिळल्यासारखी आंबट आणि ठणठणीत कोरडी. मग दिसलं, खाली बारीक अक्षरांत 'ट्रॉकन' लिहिलेलं होतं. परत न्यायला गेले तर 'उघडलेली बाटली घेत नाही' एवढंच उत्तर मिळालं. तो नियम मला मान्य आहे. पण चुकीची माहिती तुम्ही दिलीत, निदान तेवढं तरी कबूल करा! तेही नाही. जवळजवळ सगळी बाटली वाया गेली. उरलेलं अन्न टाकतानाही मला वाईट वाटतं, ही तर हौसेने आणलेली वाईन होती.

त्या रात्री बसून नीट वाचलं. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे हे जर्मन शब्द द्राक्षं तोडली तेव्हा ती किती पिकलेली होती, म्हणजे रसात किती साखर होती, एवढंच सांगतात. त्यातली बाटलीत किती उरली हे त्यातून कळत नाही. यीस्टने सगळी साखर खाल्ली तर श्पेटलेझेसुद्धा कोरडीच होणार. ट्रॉकन म्हणजे लिटरमागे जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर. हा एक शब्द आधी शोधला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पण जर्मन लेबलावर कधी ट्रॉकन लिहितात, कधी काहीच लिहीत नाहीत. मग मला सापडला अल्कोहोलचा आकडा, आणि आता मी बाटली हातात घेतली की नाव वाचायच्या आधी तोच बघते. हिशोब असा आहे: लिटरभर रसातली साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का अल्कोहोल तयार होतं. समजा रसात १२ टक्क्यांपुरती साखर होती आणि आंबवणं ८ टक्क्यांवर थांबवलं, तर चार टक्क्यांची साखर, म्हणजे ६८ ग्रॅमच्या आसपास, वाईनमध्येच राहिली. म्हणून रीसलिंगवर ८ किंवा ८.५ दिसलं की ती गोड. १२ किंवा १२.५ दिसलं की ठेवून द्यायची, कोणी काहीही सांगो. आमची फसलेली बाटली १२.५ ची होती. आकडा समोरच होता, मला वाचता येत नव्हता.

याच हिशोबाने मोस्कातो दास्ती आणली, इटलीतल्या पिएमोंतेची. ५ टक्के. पेला नाकाशी नेल्याबरोबर ताई म्हणाली, 'अगं, ही तर द्राक्षांसारखीच लागणार!' तशीच लागली. आंबवताना मध्येच थंड करून यीस्ट थांबवतात, त्यामुळे फळाचा वास आणि साखर दोन्ही राहतात, शिवाय हलका फेस. तिला मनापासून आवडली. माझी तक्रार वेगळी आहे. ताई एका वेळी एकच पेला घेते, आणि उघडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फेस जातो. मग उरतं ते नुसतं गोड पाणी. घरात पिणारी दोनच माणसं असतील तर ७५० मिलीची बाटली घेऊ नका, ३७५ ची मिळते का ते विचारा. आणि ही साठवून ठेवायची वाईन नाही, ताजीच घ्या.

इथे माझी चूक झाली. मोस्कातो आवडली म्हणजे जितकी गोड तितकी चांगली, असं मी धरून चालले. पोर्तुगालची पोर्ट आणली, मग पेद्रो हिमेनेथ ही स्पेनची शेरी. दुसरी तर काकवीसारखी दाट. ताईने दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवला. 'तोंडाला मिठी बसली गं,' म्हणाली. माझा टक्क्यांचा नियमही इथे चालत नाही, हे लक्षात ठेवा. पोर्टमध्ये आंबवणं चालू असतानाच द्राक्षाची स्पिरिट घालतात, यीस्ट मरतं, साखर तशीच राहते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. फ्रान्सची सोटर्नही १४ टक्के असून गोड असते, कारण तिथली द्राक्षं बुरशीने सुकून इतकी दाट होतात की यीस्टला सगळी साखर संपवताच येत नाही. एक मात्र खरं, पोर्ट वाया गेली नाही. ती टॉनी, म्हणजे लाकडी पिंपात मुरवलेली होती, फ्रीजमध्ये महिनाभर चांगली राहिली आणि मीच थोडी थोडी संपवली.

ताईला हवा होता तो आंबटपणाने तोललेला गोडवा. मोझेलचीच, पण ८ टक्क्यांची काबिनेट आणली तेव्हा हे कळलं. साखर भरपूर, तरी जिभेवर चिकटत नाही, कारण तिथल्या रीसलिंगला आंबटपणा जबरदस्त असतो. चांगली गार करून दिली तर ताई दुसरा पेलाही घेते. कोमट झाली की तीच वाईन जड लागते.

गेल्या आठवड्यात सगळंच पुन्हा तपासावं लागलं. एका मैत्रिणीने प्रोसेक्को ही इटलीची फेसाळ वाईन आणली, लेबलावर 'एक्स्ट्रा ड्राय'. हे दोन शब्द बघून आठ महिने मी ती वाईन टाळत आले होते. ताईने एक घोट घेतला आणि विचारलं, 'ही कुठली? अजून आहे का?'

फेसाळ वाईनमध्ये एक्स्ट्रा ड्राय म्हणजे लिटरमागे १२ ते १७ ग्रॅम साखर. ती ब्रूट या कोरड्या प्रकारापेक्षा गोड असते. नुसतं 'ड्राय' लिहिलेली त्याहून गोड, १७ ते ३२ ग्रॅम. आणि खरी गोड हवी असेल तर डेमी-सेक, ३२ ते ५०. हे शब्द कोणी ठरवले माहीत नाही, पण गिऱ्हाइकाचा यात फार गोंधळ होतो आणि विकणाऱ्यांपैकी कोणीही मला हे आपणहून सांगितलं नाही.

पण १५ ग्रॅम म्हणजे काही फार गोड नव्हे. मग तिला ती का आवडली? तेव्हा मी तिला पहिल्यांदाच नीट विचारलं, ड्राय वाईनमधलं नेमकं काय आवडत नाही? ती म्हणाली, 'जास्त उकळलेल्या कोऱ्या चहासारखं होतं. जीभ खरखरीत होते.' हा टॅनिनचा तुरटपणा, द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येणारा. त्याचा साखरेशी थेट संबंध नाही. रेडच्या बाबतीत तिची तक्रार ही होती, आणि व्हाइटमध्ये नुसता आंबटपणा झोंबत होता. दोन वेगळ्या गोष्टींना ती 'ड्राय' म्हणत होती आणि मी दोन्हींवर साखरेचाच उपाय शोधत बसले होते.

तुम्ही कोणासाठी निवडणार असाल तर हा प्रश्न आधी विचारा, बाटली नंतर. तुरटपणा नको असेल तर साल बाजूला ठेवून केलेल्या कमी गोड व्हाइटही चालून जातात, आणि पर्याय एकदम वाढतात. आता फ्रीजमध्ये काबिनेटची एक बाटली आहे आणि एक्स्ट्रा ड्रायची एक. ताईने काल दुसरीच उघडायला सांगितली.