शाळेच्या ॲपचं एक वर्ष: बाकी ठीक, पण मराठी अर्ध्यावर तुटते

फेब्रुवारी 2025 मध्ये एका सकाळी पप्पांच्या साध्या फोनवर शाळेचा एसएमएस आला. "शाळेचे माजी गणित शिक्षक" असं लिहून पुढे सरांचं नाव, मग "देवाघरी गेले. अंत्यविधी आज दुपारी". संपलं. किती वाजता, कुठल्या चर्चमध्ये, काही नाही. मी आणि बायको दोघंही लोकलमध्ये, त्यामुळे ॲपवर पूर्ण सूचना होती ती आम्ही पाहिली संध्याकाळी. पप्पा चार वाजता आपल्याच धर्मग्रामात, म्हणजे आपल्या भागाच्या चर्चमध्ये, जाऊन उभे राहिले. सर मात्र बरीच वर्षं मुलाकडे राहायचे आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, तिकडच्या चर्चमध्ये साडेतीनला होती. रिक्षा करून पोचेपर्यंत माती झाली होती.

पप्पा आता 71 वर्षांचे आहेत. त्याच शाळेत शिकले, मीही शिकलो, आता माझी मुलगी सहावीत आहे. पावकी, निमकी हे पाव-अर्ध्याचे पाढे त्यांना या सरांनी पाठ करून घेतलेले, अजून बाजारात हिशेब ते तसेच करतात. त्या दिवशी घरी येऊन ते काही बोलले नाहीत. जेवलेही नाहीत. म्हणून हे लिहितोय.

आमची शाळा वसईतली, मराठी माध्यमाची, चर्चच्या आवारातली. जून 2024 पासून ॲप सक्तीचं झालं, वर्षाला 300 रुपये फीमध्येच धरून. ॲप नसलेल्या नंबरवर तीच सूचना एसएमएसने जाते. हजेरी, गृहपाठ, फीची पावती वगैरे सगळ्या शाळांच्या ॲपमध्ये असतं तसंच आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

सुरुवातीला मी ॲपच्या बाजूचाच होतो. जुलैच्या पावसात पहाटे पावणेसहाला "आज शाळेला सुट्टी" आलं की रेनकोट घालून पोरीला गेटपर्यंत नेऊन परत आणायचं वाचायचं. 25 जुलैला फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले, ती बातमीही मला आधी ॲपवरच कळली. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ही त्यांची ओळख महाराष्ट्राला आहे. आमच्याकडे ते घरातलेच माणूस होते. डिसेंबरमध्ये पाचवी-सहावीच्या मुलांनी गायलेली नाताळगीतं बाईंनी रेकॉर्ड करून ॲपवर टाकली. त्यात आमच्या आळीतली तीन मुलं हिंदू, एक मुसलमान, आणि सगळ्यांत खणखणीत आवाज त्या मुसलमान मुलाचा. माझ्या मोबाईलवरून पप्पांनी ती चार वेळा ऐकली. तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी पाच तारे दिले असते.

मग फेब्रुवारी.

दुसऱ्याच दिवशी मी अर्धी सुट्टी टाकून ऑफिसात गेलो. क्लार्क मॅडमनी त्यांच्या कॉम्प्युटरवर सूचना दाखवली. अक्षर न अक्षर पूर्ण होती. म्हणजे चूक शाळेची नव्हती. कंपनीच्या कस्टमर केअरला तीन दिवसांत पाच फोन केले. चौथ्या फोनवर एका मुलाने नीट समजावलं आणि ते मला आजपर्यंत माहीतच नव्हतं. इंग्रजी लिपीत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त 70. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला पाय मोडायची खूण या प्रत्येकाची जागा वेगळी मोजली जाते. मी वहीत मोजून पाहिलं. 'विद्यार्थ्यांनी' या एका शब्दाला 15 जागा लागतात. 'मुलांनी' लिहिलं तर 7. लांब एसएमएस तुकड्यांत जातो आणि फोनवर जोडून दिसतो, पण तुकडे जोडायची खूण त्यातच बसवावी लागते म्हणून तुकड्यामागे 67 जागा उरतात, आणि पैसे प्रत्येक तुकड्याचे वेगळे. आमच्या शाळेच्या खात्यावर कंपनीने 'एकच तुकडा' अशी सेटिंग लावून ठेवली होती. खर्च वाचावा म्हणून. शाळेला कोणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं.

पाचव्या फोनवर उपाय मिळाला: "सर, मराठीच इंग्लिश अक्षरांत टाईप करायला सांगा ना." याचा मला मनापासून राग आला. ही मराठी शाळा आहे. पोरांना शुद्धलेखनाचे मार्क कापणारी शाळा पालकांना रोमन लिपीत मरणाची बातमी कळवणार? आणि पप्पांसारख्या म्हाताऱ्याने 'antyavidhi' लावत बसायचं? मराठी शाळांना विकताना मराठी पूर्ण जाईल की नाही हे आधी सांगायला हवं होतं. 300 रुपये आम्ही पूर्ण सूचनेचे भरलेत.

मी ॲपविरुद्ध पालकांच्या सह्या गोळा करायला निघालो होतो. पण फादरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, मार्चमध्ये कंपनीला पत्र दिलं आणि निधन, सुट्टी, परीक्षा या तीन प्रकारच्या सूचनांना तीन तुकड्यांपर्यंत मुभा मिळाली. क्लार्क मॅडम आता 'विद्यार्थ्यांनी'ऐवजी 'मुलांनी' लिहितात, वेळ आणि ठिकाण पहिल्या ओळीत टाकतात. 21 एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, पोप फ्रान्सिस गेल्याचा एसएमएस पप्पांना पूर्ण आला, मिस्साच्या वेळेसकट. या वेळी पप्पा दहा मिनिटं आधी चर्चमध्ये होते. म्हणून सह्यांचा कागद मी बाजूला ठेवलाय, फाडलेला नाही.

कारण सत्राअखेरचं वार्तापत्र. आधी प्रगतिपुस्तकाबरोबर एक घडीचा कागद यायचा. क्रीडादिनाचे निकाल, शिष्यवृत्तीला कोण बसलं, नाताळच्या गोठ्याला कोणी पेंढा दिला, ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात मुलांनी किती किलो तांदूळ जमवले आणि कुठल्या आश्रमाला पोचवले, कोण शिक्षक निवृत्त होतायत. शेवटच्या पानावर वर्षभरात गेलेले माजी शिक्षक. यंदा परीक्षाच 25 एप्रिलपर्यंत चालली, आणि 1 मेला निकालाबरोबर वार्तापत्र आलं ते फक्त ॲपवर, पीडीएफ. एसएमएसवाल्यांना नुसती लिंक. पप्पांच्या फोनवर लिंक म्हणजे निळ्या रंगातली एक ओळ.

मी झेरॉक्सवाल्याकडे चार पानं काढली, पाच रुपयांप्रमाणे वीस रुपये. पप्पांनी ओट्यावर बसून पहिल्यापासून वाचलं. शेवटच्या पानावर सरांचा फोटो होता, पांढरा सदरा, खिशाला पेन. तो भाग त्यांनी ब्लेडने कापून मिस्साच्या पुस्तकात ठेवला. आळीत अजून सहा घरं अशी आहेत जिथे आजी-आजोबांकडे साधा फोन आहे. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठीही प्रती काढल्या.

तारे: पहाटेची सुट्टीची सूचना आणि नाताळगीतं यांसाठी तीन. एसएमएसचं मार्गी लावलं म्हणून चौथा देणार होतो, पण गृहपाठ आणि पालकसभेचे एसएमएस अजून 70 वरच तुटतात, तेव्हा तीनच.

16 जूनला शाळा उघडतेय. पहिल्या पालकसभेत मी दोन गोष्टी मांडणार आहे: सगळ्याच सूचनांना तीन तुकडे, आणि मागेल त्या घराला वार्तापत्राची छापील प्रत, हवं तर वीस रुपये घेऊन. तुमच्या शाळेत मराठी एसएमएस पूर्ण येतो का आणि एका तुकड्याला काय दर लावलाय, ते कोणाला माहीत असेल तर सांगा. सभेत दाखवायला मला आकडे हवेत.