क्रिटिकल केअर बोर्ड: क्वेश्चन बँक की रिव्ह्यू कोर्स?

क्रिटिकल केअरच्या बोर्ड परीक्षेसाठी क्वेश्चन बँक (सरावाच्या प्रश्नांचा संच) आणि रिव्ह्यू कोर्स (उजळणीची लेक्चर्स) दोन्ही करायला वेळ असेल तर प्रश्नच नाही, पण आयसीयूच्या ड्युट्या सांभाळून अभ्यास करणाऱ्याला एकच नीट होतं, आणि माझं मत सरळ क्वेश्चन बँकेला.

कारण परीक्षेत व्याख्या फार विचारत नाहीत, पेशंट समोर ठेवतात. उदा. एआरडीएसचा (फुफ्फुसं गंभीरपणे निकामी होण्याचा आजार) व्हेंटिलेटरवरचा पुरुष पेशंट, उंची १७० सेंमी, वजन ९५ किलो, टायडल व्हॉल्यूम (दर श्वासाला द्यायची हवा) किती ठेवाल? ६ मिली प्रति किलो हे सगळ्यांना पाठ असतं, २००० सालच्या एआरडीएसवरच्या त्या मोठ्या ट्रायलपासून घोकतोच आपण, पण घाईत ९५ ने गुणलं की ५७० येतं आणि तो ऑप्शन तिथे बरोब्बर ठेवलेला असतो! हिशोब खऱ्या वजनावर नाही, उंचीवरून काढलेल्या प्रेडिक्टेड (अपेक्षित) वजनावर करायचा असतो, ते येतं ६६ किलोच्या आसपास, म्हणजे उत्तर साधारण ४०० मिली. लेक्चरमध्ये हे ऐकताना मान डोलते, हात मात्र चुकतो.

रिव्ह्यू कोर्सचा फायदा वेगळा. जे रोज बघत नाही, म्हणजे टॉक्सिकोलॉजी (विषबाधा), बर्न्स, प्रेग्नन्सीतले क्रिटिकल प्रॉब्लेम, ते तिथे कोणीतरी क्रमाने लावून देतं. बेसच कच्चा असेल तर नुसते प्रश्न सोडवून डोकं भंजाळतं. फक्त दीडपट स्पीडवर लावून मोबाईल बघत बसणार असाल तर राहू द्या.

आणि हो, क्वेश्चन बँकेत स्कोअरपेक्षा एक्स्प्लनेशन वाचा, चुकीचे ऑप्शन का चुकीचे तेही, बरेच जण तेवढंच सोडतात.