फोर-लिंकचे पैसे घेतले आणि पाटा तसाच ठेवला

डॅलसच्या आसपास कोणी जुना पिकअप घेऊन हवेच्या बॅगांवर खाली बसवायचा विचार करत असेल तर हे वाचाच, दुकानाचं नाव इथं लिहीत नाही कारण केस चालू आहे.

माझी 1998 ची शेवरोले एस-10. ठरलं होतं ते असं, पुढच्या कॉइल काढून बॅगा, मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) काढून फोर-लिंक (अ‍ॅक्सल जागेवर धरणारे चार दांडे) आणि बॅगा, चासीला सी-नॉच (ते काय ते खाली सांगतो), हवेची पाच गॅलनची टाकी, दोन कॉम्प्रेसर, सगळं मिळून साडेसहा हजार डॉलर. चार हजार आधी आणि तेही झेलनंच (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) द्या, कार्ड घेत नाही, असं दुकानदार म्हणाला. दुकानात लावलेले फोटो तर एकदम झकास, नंतर इमेज सर्च मारल्यावर कळलं ते ट्रक कॅलिफोर्नियातल्या भलत्याच लोकांचे.

आता मुद्द्याचं. एअर बॅग म्हणून दोन वेगळ्या गोष्टी विकतात. एक पाट्याला मदत करणारी हेल्पर बॅग, ती जड लोड किंवा ट्रेलर ओढायला, तिनं गाडी उचलली जाते, खाली येत नाही. दुसरी स्प्रिंगच्या जागी बसते, आपल्या शिवनेरी व्होल्वोसारखी. पण पाटा नुसता वजन उचलत नाही तर मागचा अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवतो, आणि बॅग म्हणजे शेवटी रबराचा फुगा, ती अ‍ॅक्सलला पुढं-मागं किंवा आडवं धरूच शकत नाही. म्हणून पाटे काढले की लिंक पाहिजेच. ह्या महाशयांनी वरचा मोठा एकच पाटा ठेवला, बाकीचे काढले, वर बॅग टेकवली, आणि मी वाकून बघून विचारलं तर म्हणतो "तोच लिंकचं काम करतो, कंपनीवाले पण असंच करतात." बिलावर मात्र फोर-लिंक किट!

रोज सकाळी ट्रक एका बाजूला बसलेला. साबणाचं पाणी मारलं तर जॉइंटांतून बुडबुडे, पाइपवर डॉट किंवा एसएई जे844 असलं (एअर ब्रेकच्या नळ्यांवर असतो तो दर्जाचा शिक्का) काहीही छापलेलं नाही, फ्रिजच्या बर्फाच्या मशीनला पाणी नेतात तसली नळी. पुढची बॅग स्टेअरिंग पूर्ण वळवलं की कंट्रोल आर्मला (चाक धरणारा दांडा) घासत होती, बिलात नामांकित ब्रँड लिहिलेला आणि बॅगेवर नाव ना पार्ट नंबर.

सगळ्यात वाईट नॉच. अ‍ॅक्सलच्या वर चासीला अर्धगोल कापतात आणि तिथं जाड प्लेट वेल्ड करतात, नाहीतर हवा सोडली की अ‍ॅक्सल चासीवर आपटतो. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं वरचा काळा अंडरकोट खरवडला तर खाली पातळ पत्रा आणि चार ठिकाणी नुसते टाके! म्हणजे चासी कापून ठेवलेली आणि ती धरून ठेवायला जवळपास काहीच नाही, आणि मी ह्यात बायको-पोरीला बसवून हायवेला गेलेलो. इथं कोणी तपासणारं पण नाही हो, 2025 पासून टेक्सासमध्ये खासगी गाड्यांचं सेफ्टी इन्स्पेक्शनच बंद झालंय, धुराची टेस्ट काही काउंट्यांत आहे पण एवढ्या जुन्या गाडीला ती पण लागत नाही.

त्यामुळे काम देताना बॅग, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसर सगळ्यांचे पार्ट नंबर लेखी घ्या, आणि वेल्डिंग रंग मारायच्या आधी बघणार हे आधीच सांगून ठेवा, ह्यावर जो कुरकुर करेल त्याच्याकडं गाडी सोडूच नका. खऱ्या दुकानदाराला आपलं वेल्डिंग दाखवायची हौसच असते. शॉकअप कुठं बसणार ते पण विचारा, माझ्या पुढच्या चाकांना लावलेच नव्हते, "बॅग असल्यावर लागत नाहीत" म्हणे.

उरलेले अडीच हजार मी कार्डावरच देणार म्हणून अडून बसलो होतो, तेव्हा बरोबर मशीन निघालं, त्याचा बँकेत डिस्प्यूट टाकलाय. झेलचे चार हजार परत मिळतील असं बँक काही म्हणत नाही, त्यासाठी जस्टिस कोर्टात (इथलं छोट्या दाव्यांचं कोर्ट) दावा लावलाय, तिथं 20,000 डॉलरपर्यंतचं प्रकरण वकील न करता लावता येतं. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं फोटोंसकट लेखी रिपोर्ट दिलाय, तो जोडलाय, तारीख अजून यायचीय.