गुजरीच्या गावात कागदावरचे सोने: सुवर्ण रोख्यांचा पाच वर्षांचा अनुभव

१३ नोव्हेंबर २०२० रोजी धनत्रयोदशी होती आणि केंद्र सरकारच्या सार्वभौम सुवर्ण रोख्यांच्या २०२०-२१ मधील आठव्या मालिकेची विक्रीही त्याच दिवशी बंद होणार होती. टाळेबंदीमुळे पुण्याजवळच्या हिंजवडीचे ऑफिस लॅपटॉपसकट कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या घरी आलेले होते. सकाळची रोजची बैठक संपवून मी बँकेच्या संकेतस्थळावर २० ग्रॅमची मागणी नोंदवली. भाव ग्रॅमला ५,१७७ रुपये होता आणि ऑनलाइन भरणा केल्यास ५० रुपये सूट होती, त्यामुळे खात्यातून १,०२,५४० रुपये गेले. संध्याकाळी आईने विचारले, "सोनं घेतलंस म्हणतोस, मग दाखव की." मी मोबाइलवरची पावती दाखवली. तिने चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली आणि पूजेच्या पाटावर स्वतःच्या जुन्या पाटल्या ठेवून त्यांनाच हळदकुंकू वाहिले.

अंबाबाईच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर गुजरी, म्हणजे सराफांची पेठ, असलेल्या गावात सोन्याची खरेदी अशी पावतीवर आटोपणे आईला पटणारे नव्हते. त्या दिवसाला आता पाच वर्षे होऊन गेली आहेत. या काळात रोख्यांचे व्याज मिळाले, भाव पडलेला आणि चढलेला पाहिला, अडचणीच्या वेळी ते उपयोगी पडले नाहीत असाही प्रसंग आला आणि शेवटी त्यातला काही भाग मोडून पैसेही हातात आले. त्यामुळे आता त्यांच्याविषयी अनुभवाने लिहिता येईल असे वाटते.

ज्यांनी हे रोखे घेतलेले नाहीत त्यांच्यासाठी त्यांची रचना थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये ही योजना सुरू झाली. सोन्याच्या ग्रॅममध्ये मोजले जाणारे हे रोखे, म्हणजे सरकारने आपल्याकडून घेतलेले कर्ज, सरकारच्या वतीने रिझर्व्ह बँक काढते. मुदत आठ वर्षांची असते आणि पाच वर्षांनंतर व्याजाच्या तारखेला ते मुदतीआधी परत करता येतात. माझ्या मालिकांत घेतलेल्या भावावर दर साल २.५ टक्के व्याज सहा-सहा महिन्यांनी खात्यात जमा होते, आणि परतफेडीच्या वेळी त्या वेळचा सोन्याचा भाव मिळतो. हा भाव आधीच्या तीन कामकाजी दिवसांच्या, ९९९ शुद्धतेच्या सोन्याच्या बंद भावांची सरासरी काढून ठरतो आणि हे भाव इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन जाहीर करते. मी घेतले तेव्हा किमान खरेदी एक ग्रॅमची होती आणि एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात कमाल चार किलोपर्यंत घेता येत असत. फेब्रुवारी २०२४ मधील मालिकेनंतर सरकारने नवे रोखे काढलेले नाहीत. सोन्याचा भाव इतका चढला की या मार्गाने कर्ज उभारणे सरकारलाच महाग पडू लागले. आज ज्याला ते हवे असतील त्याने शेअर बाजारात नोंदलेले जुने रोखे डीमॅट खात्यातून, म्हणजे शेअर आणि रोखे इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवण्याच्या खात्यातून, घ्यावे लागतात.

सॉफ्टवेअरच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाला या रोख्यांची आवडावी अशी गोष्ट म्हणजे त्यांचे नियम पहिल्या दिवशी उघड असतात आणि मधल्या काळात आपल्याकडून काहीही करून घेत नाहीत. त्यांचे अॅप नाही, सूचनांची घंटा नाही, "आज तुमचे सोने इतक्या टक्क्यांनी वाढले" असे सांगणारा हिरवा आकडा नाही. दर १८ मे आणि १८ नोव्हेंबरला सुमारे तेराशे रुपये खात्यात येतात, त्याचा एक संदेश येतो आणि विषय संपतो. ज्या पैशाकडे रोज पाहता येते तो पैसा हलवण्याचा मोह होतो, हे मी ऑफिसात जवळून पाहिले आहे. जेवणाच्या सुट्टीत आमच्या टेबलावर फ्युचर्स-ऑप्शन्सखेरीज, म्हणजे शेअर बाजारातल्या पुढच्या भावावर पैज लावल्यासारख्या व्यवहारांखेरीज, दुसरा विषय नसे. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, जाहीर केलेल्या अभ्यासात त्या व्यवहारांतल्या १० पैकी ९ हून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांना तीन वर्षांत तोटा झाल्याचे दिसले, तेव्हा त्या टेबलावरची दोन मुले बराच वेळ काही बोलली नाहीत. त्यांचा बोनस कुठे गेला होता हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते.

मात्र हे रोखे सुरक्षित आहेत याचा अर्थ त्यांचा भाव पडत नाही असा नव्हे. ऑगस्ट २०२० मधील पाचव्या मालिकेचा भाव ५,३३४ रुपये होता आणि मार्च २०२१ मधील बाराव्या मालिकेचा ४,६६२. माझ्या नोव्हेंबरच्या खरेदीतही त्या मार्चमध्ये कागदोपत्री नऊ हजारांहून अधिक तोटा दिसत होता. सोने हा लांबचा विचार आहे असे मनाशी ठरवून मी बाराव्या मालिकेत आणखी १० ग्रॅम घेतले आणि ती खरेदी पुढे सर्वांत चांगली ठरली. दुसरा धक्का २३ जुलै २०२४ चा. त्या दिवशी अर्थसंकल्पात सोन्यावरचे आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले गेले आणि गुजरीतला भाव घसरला. आपल्या देशातील सोन्याच्या भावात आयात शुल्क मिसळलेले असते, त्यामुळे सरकारच्या एका निर्णयाने रोख्याची किंमत बदलू शकते, ही बाब विकत घेताना मला कोणी सांगितली नव्हती. ती प्रत्येकाने लक्षात ठेवावी.

आता या रोख्यांच्या खऱ्या कसोटीविषयी. एप्रिल २०२५ मध्ये माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांची व्हिडिओ बैठक झाली, कॅमेऱ्यात मनुष्यबळ विभागातील कोणी नवीन बाई होत्या, आणि त्याच दुपारी लॅपटॉपचा प्रवेश बंद झाला. तीन महिन्यांचा पगार मिळाला. बाजूला ठेवलेली शिल्लक घराचा हप्ता, वडिलांची औषधे आणि मुलीची शाळेची फी यांत जूनच्या मध्यापर्यंत पुरत आली. कपाटात तीस ग्रॅम सोन्याची प्रमाणपत्रे होती आणि त्यांची किंमत तोपर्यंत दुपटीच्या जवळ गेलेली होती. पण त्या दोन मालिकांना पाच वर्षे पूर्ण व्हायला अजून काही महिने बाकी होते. मी रोखे डीमॅटमध्ये न घेता बँकेमार्फत प्रमाणपत्राच्या रूपात घेतले होते, त्यामुळे बाजारात विकणेही तातडीने शक्य नव्हते. नियमाप्रमाणे हे रोखे कर्जासाठी तारण म्हणून चालतात. मी शाखेत जाऊन विचारले, तर "असलं कर्ज आम्ही इथं करत नाही" एवढे उत्तर मिळाले. ज्या बँकेने रोखे विकताना रोज संदेश पाठवले तिच्याच शाखेत त्यावर कर्ज मागितल्यावर समोरच्या माणसाला अर्ज कुठे असतो हेही माहीत नसावे, याचे मला आजही वाईट वाटते.

घरी आल्यावर आईने काही न विचारता कपाटातली डबी काढली. पाटल्या आणि त्यांची जुनी पिवळी पडलेली पावती तिने माझ्या हातात दिली. म्हणाली, "मोडू नकोस, तारण ठेव. अडीनडीलाच असतंय ते." पतसंस्थेत पाटल्या कसोटीवर घासल्या गेल्या, काट्यावर चढल्या, आणि अर्ध्या तासात नव्वद हजार रुपये खात्यात जमा झाले. गुजरीच्या रस्त्याने परत येताना मला प्रथमच नीट कळले की माझे आणि आईचे सोने एकच असले तरी त्यांची कामे वेगळी आहेत. रोखा हा आठ वर्षांचा साठा आहे. आपत्कालीन रकमेची जागा तो घेऊ शकत नाही, आणि मी तो मनातल्या मनात त्या जागी धरून चाललो होतो.

सप्टेंबरमध्ये दुसरी नोकरी लागली. पगार थोडा कमी आहे, पण काम घरातून आहे. त्यानंतर १८ नोव्हेंबर २०२५ ही माझ्या आठव्या मालिकेला पाच वर्षे पूर्ण होण्याची तारीख येत होती. मुदतीआधी परत करण्याचा अर्ज व्याजाच्या तारखेच्या साधारण महिनाभर आधीपासून द्यावा लागतो आणि ती संधी चुकली तर पुढील सहा महिने थांबावे लागते. म्हणून ऑक्टोबरच्या शेवटीच मी शाखेत गेलो. पहिल्या फेरीत सांगण्यात आले की आठ वर्षे झाल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. मी रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक मोबाइलवर उघडून दाखवले. दुसऱ्या फेरीत अर्ज मिळाला, पण संपूर्ण वीस ग्रॅमच मोडावे लागतील असा आग्रह झाला. प्रत्यक्षात एक ग्रॅमच्या पटीत हवा तेवढा भाग परत करता येतो. तिसऱ्या फेरीत सही जुळली नाही. त्या दिवशी काउंटरवरच्या एका तरुण मुलीने स्वतः मुख्यालयात दूरध्वनी लावून, "सर, तुम्ही बसा, आजच पाठवते," असे सांगून अर्ज नोंदवला. तिच्यामुळेच ते काम झाले.

१८ नोव्हेंबरला आठ ग्रॅमचे पैसे, त्याच दिवशी, एक दिवसही न चुकता खात्यात आले. ग्रॅममागे मिळालेला भाव खरेदीच्या दुपटीहून बराच अधिक होता आणि एकूण रक्कम लाखाच्या जवळपास होती. दागिना मोडताना होते तशी घट नाही, आत भरलेल्या लाखेचे वजन वजा करणे नाही, मजुरीवर पाणी सोडणे नाही. दुसऱ्या दिवशी पतसंस्थेचे कर्ज व्याजासह फेडून पाटल्या सोडवून आणल्या. रिझर्व्ह बँकेच्या बाजूचे काम मी वापरलेल्या कोणत्याही सरकारी यंत्रणेइतके चोख आहे. गुंतवणूकदार आणि ती यंत्रणा यांच्यामध्ये जी शाखा बसलेली आहे तिथे ज्ञान तोकडे पडते. म्हणून रोखे घेताना शक्य असेल तर ते डीमॅटमध्येच ठेवावेत असे माझे मत झाले आहे.

दागिन्याशी तुलना करताना एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. कोल्हापुरी साज हा मोडण्यासाठी घेतला जात नाही. त्याची एकवीस पाने घडवणाऱ्या कारागिराची मजुरी ही कारागिरीची किंमत आहे. तिला तोटा म्हणणे मला योग्य वाटत नाही. प्रश्न त्या लोकांचा आहे जे "गुंतवणूक" म्हणून बांगड्या करतात. त्यांना सोन्यावर ३ टक्के जीएसटी आणि वर घडणावळ द्यावी लागते, आणि मोडीला नेताना घडणावळीचा एक रुपयाही परत मिळत नाही. गुजरीतल्या आमच्या सोनाराने हे मला स्वतःहून सांगितले आणि साठवायचे असेल तर चोख वेढणी, म्हणजे शुद्ध सोन्याची साधी वेढी, घ्या असा सल्ला दिला.

इतर पर्यायांपैकी गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात घेता-विकता येणारे सोन्याच्या फंडाचे हिस्से, मोडायला सर्वांत सोपे आहेत. जूनमध्ये माझ्याकडे ते असते तर आईच्या पाटल्या घराबाहेर गेल्या नसत्या. मात्र त्यांवर व्याज नाही आणि व्यवस्थापनाचा खर्च दरवर्षी कापला जातो. पैसे पाठवण्याच्या अॅपमध्ये दहा-वीस रुपयांना मिळणारे डिजिटल सोने मी कोणालाही सुचवणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सेबीनेच स्पष्ट केले की ते तिच्या नियमनाखाली येत नाही, आणि त्यावरही खरेदीच्या वेळी ३ टक्के जीएसटी लागतोच.

आज बाजारातून जुने रोखे घेऊ इच्छिणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. अनेक मालिकांमध्ये दिवसाला फार थोडे व्यवहार होतात, म्हणून मागितलेला भाव आणि सोन्याचा त्या दिवशीचा भाव यांत किती अंतर आहे ते पाहावे. दुसरी बाब कराची आहे. व्याज पूर्वीपासूनच उत्पन्नात धरले जाते. परतफेडीच्या नफ्यावरील करमाफी मात्र २०२६ च्या अर्थसंकल्पाने मूळ विक्रीत घेऊन मुदत संपेपर्यंत ठेवलेल्या रोख्यांपुरती ठेवली आहे, त्यामुळे बाजारातून घेणाऱ्याला पूर्वीचा मोठा फायदा आता धरता येणार नाही. माझ्यासाठीही याचा अर्थ सरळ आहे. उरलेले १२ ग्रॅम नोव्हेंबर २०२८ पर्यंत आणि मार्चमधले १० ग्रॅम मार्च २०२९ पर्यंत हलवायचे नाहीत.

दोन्ही प्रमाणपत्रांवर वारस (नॉमिनी) म्हणून कोणाचे नाव आहे की नाही हे मी पाच वर्षांत पाहिले नव्हते. नोव्हेंबरच्या त्या तिसऱ्या फेरीत काउंटरवरच्या मुलीने ते निदर्शनास आणले आणि पत्नीचे नाव लावून घेतले. तुमच्याकडे हे रोखे असतील तर वारसाची नोंद आणि जोडलेले बँक खाते एकदा तपासा. आईने नव्या प्रमाणपत्राची छापील प्रत मागून घेतली आणि मुदतीची तारीख तिच्यावर पेनाने मोठ्या अक्षरांत लिहायला लावली. ती प्रत आता पाटल्यांच्या डबीखाली आहे.