प्रेशर फ्रायर, आठ महिने आणि ती एक रिंग

गेल्या मंगळवारी मेकॅनिक आला, फ्रायरचं झाकण उघडलं, वाफ अडवणारी रिंग काढली, पालथी करून परत बसवली आणि 850 रुपये घेऊन गेला. चार मिनिटांचं काम. "दर तीन महिन्यांनी पलटायची असते भाऊ, माहीत नव्हतं का?" मशीन विकताना कुणी सांगितलं असतं तर माहीत असतं ना! त्या रागातच हे लिहायला बसलोय.

नाशिकच्या इंदिरानगरात माझं छोटं चिकन सेंटर आहे. जानेवारीत 16 लिटरचा गॅसवरचा प्रेशर फ्रायर घेतला, म्हणजे झाकण घट्ट बंद करून वाफेच्या दाबाखाली तळायचं मशीन, त्याआधी सहा वर्षं कढईच. लेग पीस आतपर्यंत शिजायला कढईत 15 मिनिटं लागायची, यात 9. गिऱ्हाईक बाइकवरून न उतरता ऑर्डर देतं, तेव्हा ही सहा मिनिटं म्हणजेच धंदा.

पण खरा फरक आतल्या मांसात. उघड्या कढईत त्यातलं पाणी, आपलं नाशिक उंचावर असल्यामुळे, 98 अंशांच्या आसपासच उकळून उडून जातं. फ्रायरमध्ये 12 पीएसआयचा (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं एकक) दाब असला की तेच पाणी 115 च्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही, म्हणून रस आतच राहतो. कढईतलं ब्रेस्ट दुसऱ्या दिवशी चोथा लागायचं. यातलं फ्रिजमधून काढून गार खाल्लं तरी ओलसर. तेलही कमी तापवून भागतं, त्यामुळे उशिरा काळं पडतं. डब्याचा भाव बघता हे माझ्यासाठी चवीपेक्षा मोठं.

तरी पहिले दोन महिने मी मशीनला शिव्याच घातल्या. कढईतल्या पिसावर जो खडबडीत, कर्रकन मोडणारा पापुद्रा येतो, तो यात येत नाही. पातळ आणि मऊ, मांसाला चिकटलेला. पोरं तोंडावर सांगायची, "काका, आज मजा नाही." आता दाबाचा काटा शून्यावर आला की झाकण काढून एक मिनिट उघडंच तळतो. कढईची सर नाही, पण कुरकुर थांबली.

एक सांगून ठेवतो. 1939 च्या सुमारास केएफसीवाल्या कर्नल सँडर्सनं प्रेशर कुकरमध्येच चिकन तळायला सुरुवात केली, हे ऐकून माझा मेहुणा घरच्या कुकरमध्ये तेल ओतायला निघाला होता. हात धरून थांबवला. आपला कुकर पाण्यासाठी असतो. त्याची रिंग, शिट्टी उकळत्या तेलासाठी नसते.

हां, तर रिंग. पलटल्यावर डावीकडून फुसफुसणारी वाफ बंद झाली. पण बुधवारी काटा पुन्हा जागचा हलेना. सर्व्हिसवाल्याला फोन करून वाट्टेल ते बोललो. रविवारी वाढदिवसाची ऑर्डर आली, 14 पीस एकदम टाकले आणि दोन मिनिटांत काटा वर. तेव्हा ट्यूब पेटली. दाब तयार होतो तो चिकनमधल्याच पाण्याच्या वाफेनं, आणि श्रावणात गिऱ्हाईक नाही म्हणून मी चार-चार पीस टाकत होतो. एवढ्याशा मालात वाफ येणार कुठून?

म्हणजे बुधवारच्या शिव्या फुकट गेल्या. मंगळवारच्या मात्र मागे घेत नाही. 850 रुपये!

नवी रिंग 1,200 ला सांगतोय. झाकणावर मार्करनं लिहून ठेवलंय: पलटी, 12 नोव्हेंबर.